सूट

अर्ज गुलाबी कागदावर. नेरूळच्या कॉलेजात
दुसरा मजला, खिडकी क्रमांक चार.
वर छापलंय: 'आवश्यक विषयातून सूट मिळणेबाबत.'
खाली एकच रिकामी ओळ. कारण लिहा.

मी लिहिलं: अठरा वर्षं, पावणे एमआयडीसी,
सांडपाणी केंद्र. पाणी तपासते.
वाटलं, फार थोडं झालं.
मग वाटलं, ओळच तेवढी आहे.

खिडकीतला मुलगा म्हणाला, 'मॅडम, पुरावा?'
मी हात पुढे करणार होते,
आयोडीनने पिवळी पडलेली नखं,
मनगटावर दोन हजार नऊचा आम्लाचा डाग.
त्याला शिक्का हवा होता. गोल.

शिक्का आणला, तरी एक चाचणी ठेवलीच.
टिपणीस मॅडम, माझ्या भाच्याच्या वयाच्या.
ब्युरेट, स्टँड, लेबल नसलेली बाटली.
'सांगा, यात विरघळलेला ऑक्सिजन किती?'
मी आधी वास घेतला.
त्या हसल्या. 'हे पद्धतीत नाही.'
नाही ना. पण हे खाडीचं आहे, ओहोटीचं,
आणि काल रात्री कुणीतरी रंगाचं पाणी सोडलंय.
मग केलं सगळं पद्धतीत.
तिन्ही वेळा दुसऱ्या दशांशापर्यंत तेच.
सही झाली. चार क्रेडिट माफ.

'माफ? गुन्हा काय केला होतास?' नवऱ्याने विचारलं.
आईला वाटलं, सूट म्हणजे फी कमी होणार.
नाही गं, फी तेवढीच. शिकायचं तेवढं कमी.
'म्हणजे त्यांचाच फायदा,' ती म्हणाली
आणि लसूण सोलत राहिली.
गोठिवलीतली आमची खाचरं गेली
तेव्हाही तिने हिशोब असाच एका वाक्यात संपवला होता.

शनिवारी साडेनऊ ते साडेअकरा मला आता मोकळे.
उशिरा निघायचं ठरवलं होतं,
पण जाग नेहमीचीच आणि बसही नेहमीचीच.
व्हरांड्यात बसले, पर्स मांडीवर घेऊन,
दवाखान्यात बसतात तशी.
आतून मॅडमचा आवाज:
'स्टार्च अगदी शेवटी घालायचा. का?'

का.

मला थंकप्पनने शिकवलं, पहिल्याच महिन्यात,
रात्रपाळीला, त्याच्या मराठीत:
'वाळलेला गवताचा रंग दिसला की स्टार्च. आधी नको.'
आधी का नको, मी विचारलं नाही.
त्याला चहा प्यायचा होता,
मला नोकरी टिकवायची होती.
अठरा वर्षं मी फ्लास्कमधलं गवत वाळायची वाट पाहिली,
दिवसातून दहा-बारा वेळा,
कर हिशोब, मढवी,
आणि एकदाही चुकले नाही.
म्हणूनच बहुतेक एकदाही विचारलं नाही.

आत कुणीतरी उत्तर दिलं. पंख्याचा खडखडाट.
मला एवढंच ऐकू आलं: '...मग ते सोडतच नाही.'
कोण? कुणाला?

मागच्या दाराने आत गेले, शेवटच्या बाकावर.
उशिरा आलेल्यांसाठी हजेरी पुन्हा चालली होती.
भोपी. मग थेट महाले.
दोघांच्या मधे एका श्वासाएवढी जागा,
तिथे मी असते.
मॅडमनी वर पाहिलं. 'तुम्हाला सूट आहे ना?'

आहे, म्हटलं. वही उघडली,
पेनची शाई उतरेना, कोपऱ्यात दोन गोल काढले.
ते स्टार्चचं परत सांगाल का, जरा सावकाश?
थंकप्पन रिटायर होऊन पालघाटला गेलाय.
संध्याकाळी त्याला फोन करायचाय.